न बघता दिलेला ‘रोड क्लिअर’

मी सुभेदार होतो, सदाशिव माझ्या हाताखालचा हवालदार. काश्मीरमध्ये आमचं काम रोड ओपनिंगचं. कॉन्व्हॉय, म्हणजे फौजी गाड्यांचा ताफा, सुटण्याआधी रस्ता पायी तपासायचा, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या प्रत्येक मोरीखाली उतरून स्फोटकं नाहीत ना ते बघायचं आणि मगच वायरलेसवर ‘रोड क्लिअर’ द्यायचा. न बघता क्लिअर नाही, हे सदा माझ्याकडूनच शिकला.

पेन्शनवर आल्यावर तो कुंभिवलीत राहिला, मी खालापुरात. त्याला झोप लागत नसे, छाती धडधडायची. डॉक्टरांनी मन शांत ठेवणारी गोळी दिली होती. ती बरीच वर्षं चालू होती.

एकदा त्याच्या ओट्यावर चहा पिताना मला ती स्ट्रिप दिसली.

“फौजी माणूस आणि गोळीवर झोपतो?”

“डॉक्टरनी दिलीय, साहेब.”

“नशाच ही. आजपासून बंद.”

“जी, साहेब.”

त्याची बायको कमल आतून म्हणाली, “दादा, डागदरला इचारून करा.”

“वहिनी, कंपनीत डॉक्टरपेक्षा सुभेदाराचं चालतं,” असं म्हणून मी स्ट्रिप खिशात घातली.

थोड्याच दिवसांनी भरदुपारी कमलवहिनींचा फोन आला. “दादा, हे झोपलेच नायत. भिंतीतून वायरलेस ऐकू येतो म्हनतात. आता हायवेवर उभे हायेत. कुनाचं ऐकत नाय.”

मी पोचलो तेव्हा सदा रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा होता. पुढ्यात टँकर, मागे कामगारांची बस. टँकरचा क्लीनर ओरडला, “ओ काका, दुपारीच चढवली काय?” लोक हसले.

मी सदाच्या तोंडाजवळ उभा होतो. दारूचा वास नव्हता.

“साहेब, थांबा. मोरीखाली माल ठेवलाय. डाव्या बाजूला. वायर दिसली.” रिपोर्ट नेहमीसारखाच चोख.

मी मोरीपर्यंत गेलो. उताराला घाणेरीची जाळी होती, माझे गुडघे दुखत होते, हॉर्न वाजत होते. मी काठावरूनच हात वर केला.

“सदा, रोड क्लिअर. कॉन्व्हॉय सोड.”

“साहेब, तुम्ही उतरलाच नाय.”

“ऑर्डर आहे. बाजूला हो.”

माझी ऑर्डर त्याने तेवढी एकदाच मोडली. स्वतः बघायला तो मोरीकडे धावला. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या टेंपोचा ब्रेक वेळेत लागला नाही.

नंतर डॉक्टर मला म्हणाले, “इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडायची नसते. हळूहळू कमी करतात. नाहीतर माणसाला नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं.”

गावात मात्र सदा पिऊन गाडीखाली गेला, असंच झालं. माजी सैनिकांच्या खोलीत त्याचा फोटो लावायचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बेवड्याचा?” मी तिथेच बसलो होतो. बोललो नाही.

म्हणून हे लिहून त्याच खोलीत वाचायला देत आहे. हवालदार सदाशिव प्यायलेला नव्हता. गोळी मी बंद करायला लावली. डोकं ठिकाणावर नसतानाही ड्रिल त्याने पाळलं, मी नाही. त्याचा वर्दीतला फोटो कमलवहिनींकडे आहे. तो भिंतीवर लागला पाहिजे.

काल मी त्या मोरीखाली उतरलो. वाळू होती, बाटल्या होत्या. वायर नव्हती. हेच त्या दिवशी उतरून, बघून सांगितलं असतं, तर तो बाजूला झाला असता.