आधी मराठीत सांग

कुठं ताज्या तूरडाळीचा वास आला की मला लातूरचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. डाळ मिलच्या समोर, पहिल्या मजल्यावर. कीबोर्डवरसुद्धा पिवळी पूड बसलेली असायची. मी मुरुडहून एसटीनं यायचे. दोन वर्षं घोकून सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते आणि आता नोकरीसाठी पायथन लागणार म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सीमधले महिरपी कंस गेले, अर्धविराम गेले आणि माझा धीरही सुटला. एका दुपारी शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाले, "मला न्हाई जमणार. उद्यापासून येत न्हाई." त्यांनी माझी सीची जुनी वही उघडली आणि एका प्रोग्रामवर बोट ठेवलं. "हे काय करून राहिलंय? आधी मराठीत सांग." मी सांगितलं, "एकेका मुलाचे मार्क बघायचे. पस्तीसच्या खाली असले तर नाव लिहायचं. मुलं संपली की थांबायचं." मॅडम हसल्या. "हाव, मग पायथनला दुसरं काय सांगायचंय? इथं कंसाऐवजी ओळ आत सरकवायची, एवढंच." मी लिहिलं. पहिल्यांदा कॉम्प्युटरनं चूक दाखवली. एक ओळ सरकवायची राहिली होती. मॅडमनी कीबोर्डला हात लावला नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्यांदा पडद्यावर नावं उमटली, तेव्हा मला रडूच आलं. पुढं आणखी तीन भाषा शिकले. आज त्यांवरच माझं घर चालतं. परवा आभार मानायला मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, "ते राहू दे गं. आता कोणती नवी शिकून राहिलीस?"