कुसळ गेलं, डोळाही गेला

"बुबुळावर बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फंगल कॉर्नियल अल्सर."

भाकरीवर येते तीच का, असं मी विचारलं. साधारण तशीच, त्या म्हणाल्या. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, तो कॉर्निया. तो खरवडला की बुरशी आत शिरून जखम करते. मग माझा डावा डोळा झाकून त्यांनी समोर बोटं धरली. मला एकही दिसेना. डावा लहानपणापासूनच अधू आहे, त्याला माणूस दिसतं पण चेहरा दिसत नाही, हे मी सांगितलं. उजव्यावरच माझं सगळं चालायचं.

आमची थोडी भातशेती परंदवडीला आहे. झोडणीसाठी मी कंपनीतून रजा घेतली होती. झोडताना कुसळ डोळ्यात उडालं. असं झालं की आमच्याकडे शेजारच्या शेवंतामावशीकडे जातात. ती पापणी उलटी करून जिभेच्या टोकाने कुसळ अलगद काढते. अर्ध्या गावाचं तिने काढलंय, माझ्या सासूबाईंचंही. माझं काढलं आणि चहा पाजून घरी पाठवलं.

मग डोळा लाल झाला. नवऱ्याने मेडिकलमधून थेंब आणले. थेंबांनी इतका आराम पडला की मी परत कामावर रुजू झाले. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं, हे मला फार उशिरा कळलं. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं. वरून डोळा बरा दिसतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

याहून जास्त मनाला लागलं ते वेगळंच. डॉक्टरीणबाईंचं हे कमी खर्चात डोळे तपासणारं केंद्र आमच्या गावाजवळच्या सोमाटण्यातच होतं. कंपनीची बस रोज त्याच्यावरून जायची. ते म्हाताऱ्यांचं, मोतीबिंदूचं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. केंद्राची गाडी गावात आली तेव्हा सासूबाईंना तिच्यात बसवून आम्ही रानात निघून गेलो होतो.

शेवटी दिसेनासं झाल्यावर मी केंद्रात गेले, आणि त्याच गाडीने मला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे स्क्रेपिंग केलं, म्हणजे जखमेवरचा थर हलकेच खरवडून तपासायला पाठवला. मग तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. बाहेरच्या बाकावर मोतीबिंदू काढलेल्या आज्या बसायच्या. पट्टी निघाली की नातवंडांना ओळखून हसायच्या. मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला बोलू?

जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं, पांढरा जाड डाग. "बुरशी गेली. नजर परत येईल असं मी सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कॉर्निया ट्रान्सप्लांट, म्हणजे मरणानंतर कुणी दिलेला पडदा बसवणं, यासाठी नाव नोंदवलंय. तो टिकेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. कंपनीत माझं काम रबराच्या पार्टवरचे बारीक चरे शोधायचं होतं. ते काम गेलं. आता घरातल्या घरात भिंतीला हात लावत फिरते. हे सगळं मी फोनवर बोलून लिहून घेतलं आहे. सकाळी जाग आली तरी डोळे उघडावेसे वाटत नाहीत.

तुमच्या डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या नेत्रकेंद्रात जा. तरुण असलात तरी जा. विचारल्याशिवाय कुठलाही थेंब घालू नका. केंद्रातल्या लोकांची मी ऋणी आहे. उशीर झाला, तो त्यांच्याकडून नाही.

परवा शेवंतामावशी आली. माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "शमीम, माज्या जिभंनं गेला का गं तुजा डोळा?"

हेच मी दवाखान्यात विचारलं होतं. कुसळ, जीभ की थेंब, आता कुणालाच सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं होतं.

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "थेंबानं गेला."

तिला ते पटलं का, हे बघायला मी तिच्याकडे वळले. समोर नुसतं धुकं होतं. म्हणून हात पुढे केला. तिचा गाल ओला होता.