नदीकाठचं वावर आणि आबांची भाषणं

आमचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, स्वराज्यातल्या पहिल्याच निवडणुकीत आमदार झाले. कुठल्या पक्षाचे नाहीत, स्वतःच्या जोरावर उभे राहिले आणि निवडून आले, पुढच्या खेपेलाही. बोदवडच्या स्टेशनावर त्यांना गाडीत बसवायला अर्धं गाव लोटायचं. मुंबईत ते काय बोलले ते पेपरात दोन ओळींत छापून यायचं, तेवढ्यावर गाव खूश. पण ती भाषणं आधी आमच्या ओसरीवर व्हायची आणि कागदावर उतरायची ती माझ्या हाताने, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सांगते. एवढी वर्षं पोटात ठेवलं, आता राग गिळायचं माझं वय राहिलं नाही.

मी शाळेत गेलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. मला अक्षरं शिकवली माझ्या नणंदेने, अक्कांनी. अक्का माझ्या यजमानांपेक्षा मोठ्या, दुसरीपर्यंत शिकलेल्या, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारख्या. माहेरी आल्या की चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवायला लावायच्या आणि चुकलं की म्हणायच्या, "हा ग आहे का नांगर गं? बैल जुंपून बघ, चालेल." दुसरीतली विद्या संपल्यावर पुढचं मी पेपर वाचून शिकले. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा वावरात, सासूबाई देवाघरी गेलेल्या. मग पेपर वाचायला आणि भाषण लिहून घ्यायला उरले कोण, तर मी. डोक्यावर पदर, मांडीवर पाट, पाटावर कागद.

आता आबांचे विचार सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आबा जुन्या वळणाचे. सरकारने शेतकऱ्याच्या बांधाच्या आत पाय टाकू नये, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. ज्वारी पेरा की कपाशी, हे दिल्लीत बसून ठरवणारे तुम्ही कोण? सगळ्यांची जमीन एकत्र करून सामुदायिक शेती करा म्हणता, मग पहाटे उठून पिकाला पाण्याचं बारं द्यायला कोण जाईल, तुमचा साहेब? असं ते बोलायचे आणि मी लिहायचे. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला पटायचं. अजूनही त्यातलं बरंचसं पटतं.

धान्यावर जिल्हाबंदी होती तेव्हाची गोष्ट घ्या. अक्का सासरी, शिरपूरकडे. पहिलटकरीण होत्या. मी त्यांच्यासाठी दादर घेऊन निघाले होते, आमच्या काळ्या रानातली, टपोऱ्या दाण्याची. आपण त्याच ज्वारीला दादर म्हणतो. तेव्हा आमचा पूर्व खानदेश, धुळं-शिरपूर पश्चिम खानदेश, दोन जिल्हे. मधल्या नाक्यावर शिपायाने गाडी अडवली आणि पोतं उतरवून घेतलं. मी म्हटलं, "भाऊ, नणंद बाळंत होणार आहे." तो म्हणाला, "बाई, पोतं काय बाळंत होतंय का?" चारचौघं हसले. माझ्या अंगाची आग आग झाली. रिकाम्या हाताने अक्कांच्या दारात गेले. घरी येऊन आबांना सांगितलं, तर म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. म्हणाले, "घे कागद." ते वाक्य मला आजही पाठ आहे: बापाने आपल्या रानातली ज्वारी आपल्या लेकीच्या ताटात वाढायची नाही, तर हे राज्य कुणाचं? मुंबईत ते तसंच बोलले. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या सासऱ्यासारखा माणूस अख्ख्या सभागृहात नसेल.

अक्कांचं बाळ राहिलं नाही. पुढे तीन वर्षांत मालकही गेले. सासरच्यांनी एक ट्रंक देऊन त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. त्या दिवसापासून अक्का आमच्याकडे. सकाळी माझ्या आधी उठायच्या, वावरात बाप्यांच्या बरोबरीने राबायच्या, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं शेवटी बसायला. परत आलेल्या लेकीला ते सांगावं लागत नाही.

त्याच सुमारास दिल्लीत कायदा झाला, लेकीलाही बापाच्या इस्टेटीत वाटा. मी पेपर वाचत होते, अक्का दाराआड डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, मला ऐकू आलं. आबा खवळले. म्हणाले, "लिही. लेकीला साडी-चोळी द्या, माहेरपण द्या, दुखलं-खुपलं बघा. पण वावर दिलं तर वावराचे तुकडे होतील, भाऊ बहिणीचं तोंड बघणार नाही. धर्मात नाही ते कायद्यात आणू नका." मी लिहिलं. एक शब्दही गाळला नाही. दाराआड अक्का पुन्हा डाळ निवडायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

मग आली सिलिंगची हूल. एका घराला अमुक एवढीच जमीन, बाकीची सरकार घेणार, असं पेपरात यायला लागलं. आमच्याकडे जमीन बरीच. आबा त्याविरुद्ध तर गरजलेच, पण गरजणं मुंबईत आणि इथे गुपचूप दुसरंच काम चाललेलं. त्या वर्षी आमच्या भागात प्रत्येक मोठ्या घराने तेच केलं. पाळण्यातल्या पोरांच्या नावावर जमिनी, आंधळ्या चुलतीच्या नावावर जमिनी. जिला घरात चहा विचारत नव्हते ती बाई एकाएकी बागायतदारीण! आमच्या घरात आबांनी नदीकाठचं वावर अक्कांच्या नावावर चढवलं. काळी कसदार जमीन, दोन विहिरी. जे धर्मात नव्हतं ते सोयीत बसलं.

अक्कांनी सातबाऱ्याचा उतारा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि मला म्हणाल्या, "बघ गं, माझं नाव. शाळेच्या पटावरून उडालं ते इथे येऊन बसलं होय?" हसल्या. पण तो कागद त्यांनी परत दिला नाही, ट्रंकेत ठेवला. तेव्हा मी ओळखलं की ह्या बाईने हे खरं धरलंय. आणि मला भीती वाटली.

तलाठी पीकपाहणीला येणार होता. पीकपाहणी म्हणजे वावर प्रत्यक्ष कसतो कोण, ते बघून लिहायचं. नुसत्या नावावर भागत नाही, वहिवाट दिसावी लागते. आबा पक्के. त्यांनी तलाठ्याला नेमकं वेचणी सुरू व्हायच्या दिवशी बोलावलं आणि मला सांगितलं, "सूनबाई, औंदा नदीकाठी पूजा अक्का करेल. तू बाकीच्या वावरांत कर."

आमच्याकडची ही रीत सांगते. कापूस फुटला की लगेच वेचत नाहीत. आधी त्या वावराची मालकीण जाते, पहिल्या ओळीतल्या झाडांना हळदकुंकू वाहते, दही-भात शिंपडते, आणि पाच बोंडं आपल्या हाताने वेचून ओटीत घेते. मग बाकीच्या बायकांनी वेचायला ओटी खोचायची. ज्या बाईने एकदा ओटी भरली, तिनेच त्या वावरात दरसाल भरायची, ती जिवंत असेस्तोवर. मध्येच हात बदलला तर वावर रुसतं, असं आमच्याकडे मानतात. सासूबाई गेल्यापासून बाकी सगळ्या वावरांत मीच करत होते; नदीकाठी आजवर दादरच व्हायची, कपाशी त्या साली पहिल्यांदाच लावलेली. आणि विधवेने पूजा करायची नाही, हाही रिवाजच की. पण आबांना तलाठ्यापुढे मालकीण उभी करायची होती, तेव्हा तो रिवाज त्यांनी खिशात घातला. दुसरा, हात न बदलायचा, तो मात्र विसरले. हीच ती चूक. सगळ्या तालुक्याला रीतभात शिकवणारा माणूस, आणि चुकला तो रितीतच!

मी गेले होते बघायला. अक्का पांढऱ्या लुगड्यात, हातात दह्याची वाटी. क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, करू का म्हणून. मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी दही-भात शिंपडला, वाकून पाच बोंडं वेचली आणि ओटीत घेतली. वेचायला पश्चिमेकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातली म्हातारी पुढे झाली, अक्कांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आक्का, हाई वावर आते तुनंच शे. बठ्ठा कापूस तुनाच दारशी टाकसूत." वावर आता तुझंच, सगळा कापूस तुझ्याच दारात आणून टाकू. तलाठ्याने लिहून घेतलं. आबा बांधावर उभे राहून मिशीत हसत होते. काम फत्ते.

संध्याकाळी बायका कापसाची गाठोडी घेऊन आल्या आणि आबांच्या बैठकीपुढून सरळ मागच्या दारी गेल्या. अक्का जिथे निजायच्या त्या खोलीपुढे कापूस मोजायला बसल्या. वेचणीचा वाटा अक्कांच्या हातूनच घेणार म्हणाल्या. गडी विचारायला आला, उद्या नदीकाठी किती बायका? आबांनी तोंड उघडलं, तोवर त्याने मान अक्कांकडे वळवलेली. आबांचा चेहरा उतरला. आठ दिवस हेच चाललं. अक्का आता सगळ्यांच्या शेवटी जेवत नव्हत्या. सोंग म्हणून लावलेला झेंडा खराच फडकायला लागला, तर माणूस करणार काय?

नवव्या दिवशी आबांनी मला हाक मारली. ओसरीवर ते आणि मीच. म्हणाले, "कागद घे. स्टँपचा आहे, जपून." मी पाट मांडीवर घेतला. सांगायला लागले: नदीकाठचं वावर मी माझ्या राजीखुशीने माझ्या भावाला देत आहे, माझा त्यावर काही हक्क उरला नाही. तारीख मोकळी सोड, सिलिंगची भानगड मिटली की घालू. खाली अक्काची सही घेऊ. तालुक्याच्या लेखनिकाकडे नेलं तर बोभाटा होईल, म्हणून तुला सांगतो.

बघा बरं. ज्या बाईने मला ग शिकवला, तिच्या हातातलं वावर तिच्याच विद्येने काढून घ्यायचं! आणि ते वावर येणार कुणाला, तर माझ्या नवऱ्याला, माझ्या पोरांना. म्हणजे मी गप्प बसेन अशी खात्री होती त्यांना. याचाच मला जास्त संताप आला. अन्यायाचा आलाच, पण मला त्यात भागीदार धरलं याचा अधिक.

मी उठले, कोनाड्यातून त्यांच्या भाषणांची बाडं काढली. म्हटलं, "आबा, आधी एक वाचून दाखवते."

"आत्ता कशाला?"

"ऐका तर. 'ज्याने वावरात घाम गाळला त्याच्या हातून ते वावर त्याच्या मनाविरुद्ध काढून घेणं, मग ते कायद्याच्या कागदाने काढा नाहीतर दरोडा घालून काढा, माझ्या लेखी दोन्ही एकच.' तुमचंच आहे. मीच लिहिलंय, सिलिंगवरचं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी नीट दिसत नसेन, पण बघत राहिले. मग म्हणाले, "वकिलीण झालीस की गं. ते सरकारबद्दल होतं."

"मग घरातलं दुसरं भाषण सांगा, तेही लिहून घेते."

"सूनबाई!"

"आणि हात बदलायचा कसा, आबा? दही-भात तुम्हीच टाकायला लावला. औंदा अक्कांनी ओटी भरली, पुढच्या साली मी भरू? बायका येतील माझ्यामागे वेचायला? तुम्ही याल बघायला?"

इथे ते नमले. माझ्या बोलण्याने नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. कायद्याला ते घाबरत नव्हते, सुनेला तर नाहीच. वावर रुसेल याला घाबरले. हातातली काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "ठेव तो कागद." मी कोरा स्टँप कोनाड्यात ठेवला.

लोक म्हणतील, झालं ना बाई मनासारखं, मग एवढा राग का? राग याचा की दिल्लीचा कायदा झाला, त्याने अक्कांना काही मिळालं नाही. सिलिंग आलं, तेव्हा अक्का म्हणजे जमीन लपवायचं नुसतं पोतं. ती बाई इतकी वर्षं राबली, त्याचा हक्क कुणी मोजला नाही, सरकारने नाही, सरकारच्या विरोधात बोलणाऱ्यानेही नाही. वावर राहिलं ते एक वाटी दह्यामुळे. दही कमी पडलं असतं तर?

पुढच्या साली राज्य वेगळं झालं, महाराष्ट्र आला. कपाशी पुन्हा फुटली, अक्कांनी पुन्हा ओटी भरली. तेव्हा आबा पुन्हा एक भाषण सांगत होते, शेतीवरचंच. मधेच आवाज चढवून म्हणाले, "लिही: आमच्या खानदेशात लेकीसुद्धा जमिनीच्या मालकिणी आहेत. आमच्या घरातच बघा, मी स्वतः माझ्या लेकीला..."

मी लेखणी खाली ठेवली.

"काय झालं? शाई संपली?"

"नाही आबा. मागच्या अंगणात मालकीण कापूस मोजत बसलीय. आधी तिला विचारून या, मग लिहिते."

ते काही उठले नाहीत. आणि ते वाक्य मी काही लिहिलं नाही.