काळं पाणी

लोखंडाचे दोन क्षार गरम पाण्यात विरघळवायचे, वरून अमोनिया सोडायचा, की काळाकुट्ट साका तयार. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक चुंबकी कण असतात ते, वरून सायट्रेटचा पातळ लेप दिलेले. पुढे कधीतरी ते शरीरात सोडून, चुंबकीय क्षेत्राने तापवून, कॅन्सरची गाठ जाळायची, असं माझ्या पीएचडीचं भव्य स्वप्न होतं. प्रत्यक्षात वर्षभर माझे कण सलाइनमध्ये टाकले की पाच मिनिटांत तळाला जाऊन आडवे व्हायचे. रक्तात असे गोळे झाले तर पेशंट गाठीआधी माझ्यामुळेच जायचा!

शेवटी माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघू. नाही जमलं तर विषय बदलायचा, अर्ज तयार ठेव."

शनिवारी मी मीरा रोडच्या लॅबमध्ये शेवटचा साका धूत बसले होते. धुण्याच्या बाबतीत मी पक्की नवघरची. आमच्या घरची मिठागरं होती, आणि मीठ कसं धुवायचं हे बाबांनी लहानपणीच डोक्यात बसवलं होतं. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं, गढूळ ते ओतून द्यायचं. मीही तेच करायची. दोन धुण्यांत पाणी नितळ यायचं, मग तिसऱ्याला अचानक काळं. घाण निघाली म्हणून मी ते ओतून टाकायची आणि खाली बसलेलं जपून ठेवायची.

त्या दिवशीही तिसरं पाणी काळं आलं. इतकी चिडले की हातातलं चुंबक बीकरशेजारी आपटलं. आणि ते काळं पाणी, सगळंच्या सगळं, कड सोडून चुंबकाकडे फुगून आलं!

मी चुंबक फिरवलं, पाणीही फिरलं. मला हसूच आवरेना. अमोनियापासून तयार होऊन साक्यात अडकलेला दाट नवसागर कणांना एकमेकांना चिकटवून ठेवायचा; दोन धुण्यांत तो निघून जायचा आणि कण मोकळे होऊन पाण्यात तरंगायला लागायचे. ती घाण नव्हतीच. माझे सगळ्यात गुणी कण मी वर्षभर स्वतःच्या हाताने ओतत होते आणि आळशी तेवढे सांभाळत होते. मूर्खपणाचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

ते पाणी सलाइनमध्ये मिसळून ठेवलं; सलाइनमधलं थोडंसं मीठ मोकळ्या कणांच्या लेपाला सोसायला हवं होतं. रविवारी दोनदा उगाच लॅबमध्ये जाऊन आले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज भी?" मी त्याला अख्खी केमिस्ट्री हिंदीत समजावली.

सोमवारी बाटली तशीच होती, काळीभोर, तळाला कणभरही काही नाही. मॅडमनी ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा धरली. मग माझ्या हातातला विषय बदलायचा अर्ज घेतला.  त्यांनी अर्ज पालथा केला, पेनचं टोपण काढलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेत त्या म्हणाल्या, "हं, पहिल्यापासून सांग. पहिल्या धुण्याला पाणी किती घेतलंस?"