प्रार्थनेतून गळालेला शब्द

चिखलीतल्या संस्कृत संभाषणाच्या वर्गाला जायला लागून मला दोन महिने झाले होते. आई आजारी होती. मंदिरात आरतीनंतर तिच्यासाठी संस्कृतात मोठ्याने प्रार्थना करायचं मी ठरवलं. सांगायला लाज वाटते, पण वर्गाचे शिक्षक समोर असणार, हेही त्यामागे होतं. वाक्य पाठ होतं: ‘मम मातरं रोगमुक्तां कुरु.’ घाबरून त्यातला ‘रोग’ गळाला आणि ‘मम मातरं मुक्तां कुरु’ एवढंच तोंडातून निघालं. आईला मुक्त कर, म्हणजे घेऊन जा, हे सगळ्यांनाच कळलं. खुर्चीवर बसलेली आई म्हणाली, “काऊन रे, एवढी जड झाली का मी तुले?” लोक हसले. तीही हसली आणि मग मान खाली घातली. तिला काही उत्तर देण्याआधी मी शिक्षकांकडे पाहिलं, चूक त्यांच्या लक्षात आली का ते बघायला.