तळपायाला तीट

पाथर्डीजवळच्या एका शाळेत आम्ही तान्ह्या बाळांची नजर तपासत होतो. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बाळ किती बघतं, यावरून ऑटिझम आधीच ओळखता येईल का, असं ते संशोधन. एक बाई तान्ह्या लेकीला घेऊन ऊसतोडीला निघायच्या आधी मुद्दाम आली होती. "थोरली चार वर्साची झाली, अजून बोलत न्हाई. हिचं तरी येळंवर कळू द्या."

काजळामुळे नजर टिपणाऱ्या यंत्राला बाळाचे डोळे सापडेनात. मी पुसायला सांगितलं. तिनं पदराचं टोक ओलं करून पुसलं आणि माझी नजर चुकवून बाळाच्या तळपायाला तीट लावली.

तपासणी झाल्यावर तिनं विचारलं, "काय निघालं?"

"एकेका बाळाचं सांगत नाही आम्ही. आमचीच अजून खात्री नाही." हे मी आधीही सांगितलं होतं, पण घाईत, सही घेताना.

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "मंग काजळ कशापायी पुसाया लावलं, ताई?"

मी खाली मान घालून वायरी गुंडाळत बसले. तिनं माझ्याकडे पाठ केली, कमरेची डबी काढली आणि बाळाच्या डोळ्यांत पुन्हा काजळ घातलं. माझीच दृष्ट लागू नये म्हणून.