डावं यंत्र आरशाप्रमाणे

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक मोठा कागद पसरलाय. कागदावर यंत्राचं चित्र आहे, पण फोटोसारखं नाही. कुणीतरी यंत्र मधोमध चिरून आतलं सगळं उघडं केल्यासारखं आहे. प्रत्येक भागाकडे एक बारीक रेघ जाते, रेघेच्या टोकाला फुग्यासारखा गोल आणि गोलात आकडा. कोपऱ्यात यादी: कुठला आकडा म्हणजे कुठला भाग, आणि तसे किती नग लागतात. तुम्ही आकडा बघायचा, ट्रेमधला तो भाग उचलायचा, चित्रात आहे तिथे बसवायचा आणि पुढच्या आकड्याकडे वळायचं. एवढंच. जमेल ना?

आता कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली ओळ वाचा. ‘चित्र उजव्या यंत्राचे. डावे यंत्र आरशातील प्रतिमेप्रमाणे.’ आणि तुम्हाला जोडायचंय ते डावं यंत्र. म्हणजे चित्रात जे डावीकडे आहे ते उजवीकडे बसवा, जे उजवीकडे आहे ते डावीकडे. वरचं मात्र वरच राहणार आणि खालचं खालीच, त्यामुळे कागद फिरवून धरला तरी सुटका नाही. अवघड वाटत नसेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात टाय बांधून बघा. गाठ नीट बसली, तर पुढचं वाचायची गरज नाही.

हे काम कारखान्यात एकच बाई करायची. तिला सगळे ‘डावी’ म्हणत. ती डावखुरी नव्हती. नवीन माणसं सही घेताना मुद्दाम तिच्या डाव्या हाताकडे पेन धरत, आणि ती मुकाट्याने उजवा हात पुढे करी.

कारखाना बाटल्यांवर लेबलं चिकटवायची यंत्रं बनवायचा. पट्ट्यावरून बाटल्या रांगेत येतात. उजवीकडचं यंत्र पुढचं लेबल लावतं, डावीकडचं मागचं. दोन्ही यंत्रं समोरासमोर उभी असतात, जुळ्या बहिणींसारखी, एकमेकींकडे तोंड करून. उजवी यंत्रं जास्त खपत, कारण पुष्कळ गिऱ्हाइकांना एकच लेबल पुरतं. ती काका जोडायचे. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे जुने फिटर. ड्रॉइंग भिंतीला टाचून शिट्टी वाजवत काम करणारे.

डावीच्या वाट्याला हे काम कसं आलं, याला काही मोठं कारण नव्हतं. कधीतरी पहिलं डावं यंत्र बनायचं होतं, काकांनी हात वर केले, आणि ही नवीन होती. नवीन माणसाला नाही म्हणता येत नाही. तिनं ते जोडलं, आणि ते गिऱ्हाइकाकडून परत आलं. यंत्रात एक मोठा रोलर गरगर फिरतो आणि त्याच्या टोकाला एक नट असतो. उजव्या यंत्रात रोलर ज्या दिशेने फिरतो, त्यानं नट आवळत जातो. डाव्यात रोलर उलटा फिरतो, त्यामुळे तोच नट हळूहळू सैल होतो आणि शेवटी गळून पडतो. तिला हे माहीत नव्हतं, चित्रात नव्हतं आणि चित्र काढणाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. बोलणी मात्र तिनं एकटीनं खाल्ली. त्यानंतर ती त्या नटामागे दुसरा नट आवळून पहिल्याला जखडून टाकू लागली. ड्रॉइंगमध्ये तो दुसरा नट नव्हताच. तो फक्त डावीच्या डोक्यात होता, आणि त्याच्यासारखं आणखी बरंच काही.

तिची एक इच्छा होती. जोडलेलं यंत्र कापडात गुंडाळून चाचणी विभागात जाई. त्या खोलीचं दार बंद असे आणि आतून बाटल्यांचा किणकिणाट ऐकू येई. इतकी यंत्रं जोडूनही तिनं आपलं एकही यंत्र चालताना पाहिलं नव्हतं. म्हणून त्या खोलीत एक जागा रिकामी झाल्याचं कळताच ती जेवणाची सुट्टी सोडून फोरमनसमोर उभी राहिली.

फोरमन माणूस वाईट नव्हता. पण उत्तर देताना तो नेहमी समोरच्याच्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघायचा.

“जा की,” तो म्हणाला. “तुझ्यासारखी बाई तिथे पाहिजेच.”

“मग नाव देता?”

“देतो. फक्त डावं यंत्र कोण जोडणार ते सांग. तेवढं एक शिकव कुणाला तरी, की तू सुटलीस.”

डावी आनंदाने परतली. इथेच ती फसली.

शिकवायला होते फक्त काका. संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला विचारलं, आरशातलं काम माणसाला शिकवायचं कसं? नवरा न्हावी होता, म्हणजे त्याचा अख्खा दिवस आरशासमोर जायचा.

“शिकवता येत नाही ते,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक म्हणतं, डावीकडचा कल्ला जरा लांब राहिलाय. मी विचारतो, तुमचा डावा की आरशातल्याचा? तो विचारात पडतो. तेवढ्यात मी दोन्ही कापून टाकतो.”

“माझी यंत्रं अशी दोन्हीकडून कापता येत नाहीत.”

“मग आरसा घेऊन जा,” असं म्हणून त्यानं दुकानातला हातआरसा तिच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो आरसा ड्रॉइंगसमोर उभा धरला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते आरशात डोकावले.

“डावे, आकडे उलटे दिसतायत.”

“आकडे कागदावर वाचा. जागा आरशात बघा.”

“म्हणजे एक डोळा कागदावर, एक आरशात. आणि हात?”

“हात यंत्रावर.”

“मी माणूस आहे की सरडा?”

तरीही त्यांनी प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. दुपारपर्यंत त्यांनी एक ब्रॅकेट चुकीच्या बाजूला, एक रोलर बरोबर बाजूला पण पुढचा मागे, आणि वायरीचा पट्टा भलतीकडेच बसवला. तिनं ते सगळं उकललं. काका स्टुलावर बसून म्हणाले, “पोरी, तू चांगली शिकवतेस. पण माझं डोकं उजव्या आट्याचं आहे. उलटं पिळलंस तर निघून हातात येईल.”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डाव्या यंत्राचं चित्रच नव्हतं, तर काका बघणार काय? काकांना दोष देऊन उपयोग नव्हता. चित्र पाहिजे होतं. ती जिना चढून ड्रॉइंग ऑफिसात गेली.

तिथे थंड हवा होती आणि जमिनीवर तेलाचा एक डाग नव्हता. ड्रॉइंगवाले सर तिच्याहून लहान होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तिचं म्हणणं ऐकलं, आणि मग कॉम्प्युटरचा माउस हलवून एक क्लिक केलं. पडद्यावरचं उजवं यंत्र गपकन उलटलं आणि डावं झालं.

ती पडद्याकडे झुकली. “एवढंच? मग छापून द्या ना, सर.”

“ताई, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं? हे बघा, यात आटेसुद्धा उलटे झाले. तसे नट बाजारात सहज मिळत नाहीत. शिवाय डाव्या ब्रॅकेटला स्वतःचा नंबरच नाही. स्टोअरमध्ये तो उजव्याच्याच नंबरावर आहे, बाजूला खडूने ‘डा’ लिहिलेला. नवीन चित्र म्हणजे नवीन नंबर, नवीन यादी.”

“मग करा नवीन.”

“करीन. पण चित्र बरोबर आहे की नाही हे तपासून सही कोण करणार? आमच्यापैकी कुणी डावं यंत्र जोडलेलं नाही.”

“मी तपासते. मी करते सही.”

सर ओशाळले. “तुम्ही आमच्या खात्यात नाही ना, ताई. तुमची सही चालत नाही.”

“म्हणजे ज्याची सही चालते त्याला येत नाही, आणि जिला येतं तिची सही चालत नाही.”

“असंच काहीसं,” सर म्हणाले. मग जरा थांबून, तिला बरं वाटावं म्हणून: “आणि खरं सांगू का? तुम्ही आहात, म्हणून कधी अडलंच नाही.”

हे कौतुक होतं. ती जिना उतरली तेव्हा प्रत्येक पायरीवर तिला ते कौतुक नव्याने टोचत होतं. ती आहे म्हणून चित्र नाही, आणि चित्र नाही म्हणून ती आहे तिथेच. हे कोडं घालणारा कुणी एक माणूस असता, तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

मग तिनं ठरवलं, की आता अडू दे.

पुढचं डावं यंत्र आलं, तेव्हा तिनं डोक्यातलं सगळं डोक्यातच ठेवलं आणि कागदावर आहे तसंच जोडायला घेतलं. रोलरच्या नटापाशी येऊन ती थांबली. आरशाप्रमाणे म्हणजे आटेही उलटे. ती स्टोअरच्या खिडकीशी गेली.

“उलट्या आट्यांचा नट द्या.”

“असला नट आपल्याकडे नसतो,” स्टोअरवाला म्हणाला.

“ड्रॉइंगमध्ये आहे.”

“मग ड्रॉइंगमधनंच काढून घ्या.”

तिनं पाना खाली ठेवला. यंत्र घोडीवर तसंच उभं राहिलं. चार वाजता फोरमन आला. यंत्र न्यायची गाडी दुसऱ्या दिवशी निघायची होती.

“काय झालं?”

“नट नाही.”

“तू नेहमी लावतेस तो लाव. दोन लाव.”

“दोन नट ड्रॉइंगमध्ये नाहीत, साहेब. उद्या दुसरं कुणी जोडायला बसलं, तर त्याला कसं कळणार?”

“दुसरं कोण बसतंय?” फोरमन यंत्राच्या पलीकडे बघत म्हणाला. “हट्ट करू नको. अवघड जागेचं दुखणं झालंय हे यंत्र.”

“मला चित्र पाहिजे.”

शेवटी सर खाली आले. चांगला शर्ट होता, तरी त्यांनी बाह्या सरसावल्या, यंत्राभोवती फिरले आणि नट स्वतः लावून पाहिला. ती दिवा धरून उभी राहिली. तिच्याकडून त्यांनी दुसऱ्या नटाचं कारण नीट समजून घेतलं. रोलर हाताने उलटा फिरवून नट सरकतोय का तेही पाहिलं, आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. उद्या करून देतो.” तिनं विश्वास ठेवला. दुसरा नट आवळला, यंत्र पूर्ण केलं, गाडी वेळेवर गेली.

आणि सरांनी शब्द पाळलाही. नवीन ड्रॉइंग आलं, कोरं करकरीत. तिनं ते टेबलावर पसरलं. तेच उजवं यंत्र होतं. तेच फुगे, तेच आकडे. फक्त तळाशी एका ओळीच्या तीन ओळी झाल्या होत्या.

‘चित्र उजव्या यंत्राचे. डावे यंत्र आरशातील प्रतिमेप्रमाणे. आटे वगळून. डाव्या यंत्रास गरजेप्रमाणे दुसरा नट लावावा.’

गरज कुणी ठरवायची, हे लिहिलं नव्हतं. लिहायची काय गरज? ती होतीच.

“झालं ना तुझ्या मनासारखं?” फोरमननं जाता जाता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता काकांच्या टेबलाकडे वळला.

त्या आठवड्यात चाचणी विभागातली जागा भरली. तिथे काका गेले.

ती फोरमनकडे गेली, तेव्हा तिला आवाजावर ताबा ठेवायला कष्ट पडले. “साहेब, काकांनी मागितलं होतं?”

“नाही गं. पण जागा किती दिवस रिकामी ठेवायची? काका सुटा माणूस. त्यांच्या जागी कुणालाही बसवता येतं. भिंतीवर ड्रॉइंग आहे, बघून जोडेल. तुझं तसं नाही ना.” आणि तो खरोखर मनापासून म्हणाला, “तू फार महत्त्वाची आहेस.”

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं. वस्तरा पुसत म्हणाला, “तू काम वाईट करायला हवं होतंस.”

“जमलं नसतं.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

काका पहिले काही दिवस तिच्याकडे बघणं टाळत. मग एकदा चहाच्या वेळी ते स्वतःच तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, कप हातात धरून.

“डावे, मी मागितलं नव्हतं.”

“माहीत आहे, काका.”

“मला तिथे करमतही नाही. दिवसभर त्या मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हिरव्यात आहे की नाही, एवढंच.”

तिनं ट्रेमधला ब्रॅकेट उचलला, त्याच्यावरचा खडूचा ‘डा’ अंगठ्याने पुसला. “काल माझं यंत्र चालवलंत ना?”

“चालवलं. झकास चाललं.”

“उजव्यासमोर ठेवून?”

“हो, दोन्ही बरोबर. चाचणी तशीच असते.”

“कसं दिसतं ते?”

काका विचारात पडले. “यंत्रासारखं दिसतं. आवाज फार. मी काट्याकडे बघत होतो, पोरी. बाटल्यांकडे कोण बघतं?”

ती ब्रॅकेट हातात घेऊन थोडा वेळ भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे बघत राहिली. कुठला भाग कुठे बसतो हे त्यात होतं. किती नग, कुठला बोल्ट, तेही होतं. तिला हवं होतं ते त्यात नव्हतं, आणि नवीन नंबर देऊन चित्र काढलं असतं तरी त्यात आलं नसतं.

“एवढं तरी बघून सांगाल का, काका,” ती म्हणाली, “बाटली मधे आली, की दोन्ही लेबलं एकदमच लागतात, की माझं एक क्षण मागून लागतं?”